सीडरच्या छपरावर पाय कुठे द्यावा

अर्विंगच्या मराठी मंडळात माझी ओळख ‘ती छपरावर चढणारी’ अशी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साडी नेसून गेले, की एखादी वहिनी माझ्या मनगटावरचे ओरखडे बघायची आणि हळूच विचारायची, “अजून तेच करतेस का गं?” मी हो म्हणायचे. मग आम्ही तिळगुळाकडे वळायचो.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादकबाईंनी फोनवर “जरा गमतीजमती असू द्या” असं सुचवलं होतं. गमती होत्या, त्यातल्या एकदोन सांगते. पण टेक्ससमधली ती वर्षं आठवायला बसले की माझं मन एकाच छपरावर जाऊन थांबतं. तेव्हा त्याचंच लिहिते.

सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंग करून मी लग्नानंतर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अर्विंगला आले. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी होती. मला पूल बांधायचे होते. पूल कोणी दिले नाहीत. एका छोट्या तपासणी कंपनीचे मालक, मिस्टर कॉलिन्स, यांनी मुलाखतीला बोलावलं आणि डिग्रीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, “तुझं वजन किती?” मला राग आला. मग त्यांनी खिडकीतून बाहेरची घरं दाखवली. सगळ्यांची छपरं लाकडाची होती. “जुन्या छपरावर माझी माणसं चालली की त्यांच्याच पायांनी फळ्या फुटतात,” ते म्हणाले. “तुझ्या पायांनी फुटणार नाहीत.” माझ्या शिक्षणाचा नाही, निदान अंगकाठीचा उपयोग झाला.

त्या छपरांना शेक रूफ म्हणत. सीडर नावाचं सुवासिक लाकूड असतं. त्याचा ओंडका करवतीनं न कापता रेषांच्या कलानं फोडायचा आणि निघालेल्या जाड, खडबडीत फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवत न्यायच्या. खाली वासे, वाशांवर आडव्या रिपा, रिपांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटी. आपल्याकडच्या कौलारू घरासारखंच. फटी अशासाठी, की लाकडाला खालून वारा लागावा. नवीन घरमालक पोटमाळ्यावर जातो, त्याला छपरातून उजेडाचे ठिपके दिसतात आणि तो घाबरून फोन करतो. त्याला सांगावं लागतं, की बाबा, पाऊस आला की लाकूड फुगतं आणि ते ठिपके मिटतात. काळजी करायची ती पावसातही ठिपके दिसले तर.

डॅलसच्या आसपास वसंतात गारा पडतात. लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीत छपरवाल्यांचे ट्रक फिरायला लागतात आणि प्रत्येक घरमालकाला वाटतं, आपलं छप्पर गेलं. ते खरंच गारांनी गेलं की आधीच गेलेलं होतं, हे सांगणं आमचं काम. गारांचं असेल तर इन्शुरन्स कंपनी बदलून देणार, म्हातारपणाचं असेल तर नाही.

हे सगळं मला लॉइडनं शिकवलं. लॉइड आमच्या कंपनीचा सगळ्यात जुना तपासनीस, पन्नाशीचा, उंच, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं मला एका छपरावर नेलं आणि दोन फुटलेल्या फळ्या हातात दिल्या. एकीची चीर आतून ताज्या दालचिनीच्या रंगाची होती, कडा धारदार, आणि चिरेच्या तोंडाशी खोलगट ठसा. “ही गारेची,” तो म्हणाला. दुसरीची चीर आतपर्यंत करडी, कडा झिजून गोल झालेल्या. “ही वयाची.” मग तो स्वतः एका वाकलेल्या फळीवर मुद्दाम उभा राहिला. ती कडकन फुटली. आत तोच दालचिनीचा रंग, पण ठसा नाही. “आणि ही माझी. या तिन्हींतला फरक कळला नाही, तर तू कोणाच्या तरी बाजूनं खोटं बोलशील आणि तुला ते कळणारही नाही.”

ताज्या चिरेचा रंग टिकत नाही. ऊन-पाऊस लागला की काही आठवड्यांत ती करडी व्हायला लागते, मग जुन्या-नव्यातला फरक पुसट होतो. म्हणून वेळेवर जावं लागतं. लाकूड ओलं असताना मात्र जायचं नाही, दवसुद्धा वाळू द्यायचं. ओल्या सीडरवर रबरी तळव्याचा बूटही साबणावर पडल्यासारखा घसरतो. पाय द्यायचा तो फळीच्या खालच्या जाड टोकाशी, जिथे आत रीप असते तिथे. संशय आला तर आधी टोच्या खुपसून बघायचा. आणि छपरावर चढण्याआधी ते खालून, पोटमाळ्यातून बघायचं. लॉइड म्हणायचा, छप्पर वरून चांगलंच दिसतं, खोटेपणा करायचा तो ते खाली करतं.

खोटेपणा माणसंही करत. एका गृहस्थांनी गोल्फचा चेंडू मोज्यात घालून स्वतःच छप्पर ठोकलं होतं. सगळे ठसे एका मापाचे, आणि आढ्यावर बसून माणसाचा हात जिथवर पोचेल तिथवरच. मी त्यांना म्हटलं, गारा फार शिस्तीत पडल्या तुमच्याकडे. ते म्हणाले, “मॅम, खरा इन्स्पेक्टर कधी येणार आहे?” अशी माणसं बरीच भेटली. त्यांचा राग यायचा नाही. छप्पर ही मोठी गोष्ट असते, ती गळायला लागली की चांगल्या माणसाचीही झोप उडते.

डॉक्टर घैसास चांगले माणूस होते, हे मी आधीच सांगते. आम्ही अर्विंगला आलो तेव्हा अपार्टमेंट मिळेपर्यंत त्यांच्याच घरी राहिलो होतो. ते मुंबईहून सत्तरच्या दशकात आलेले, हृदयरोगाचे डॉक्टर. त्यांच्या पत्नी निर्मलावहिनी यांनी मला कार चालवायला शिकवली, ग्रोसरी कुठे घ्यायची ते दाखवलं. गणपती त्यांच्याकडे बसायचा आणि सगळ्या गावाचं जेवण त्यांच्या गॅरेजमध्ये व्हायचं.

पुढे एका वसंतातल्या मोठ्या गारपिटीनंतर आमच्या ऑफिसात त्यांच्या पत्त्याचं काम आलं. मी कॉलिन्सना सांगितलं, ही माझ्या ओळखीची माणसं आहेत. ऑफिसचा नियम होता, ओळखीच्या घरी जायचं नाही. त्यांनी ते काम लॉइडकडे दिलं. मी नियम पाळला, त्यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तरी त्या सकाळी माझ्याऐवजी तो गेला, हे मनातून जात नाही ते नाहीच.

दुपारी कॉलिन्सनी मला केबिनमध्ये बोलावलं. लॉइड गॅरेजवरच्या उतारावरून चालत असताना छप्पर खचलं होतं. तो फळ्यांतून, मग खालच्या जिप्समच्या पातळ छतातून, सरळ काँक्रीटच्या जमिनीवर पाठीवर आदळला होता. पहिली मदत डॉक्टर घैसासांनीच केली. त्यांनी त्याला हलवू दिलं नाही, अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून ते जमिनीवर बसून राहिले. त्यामुळे तो जगला असं नंतर हॉस्पिटलात सांगितलं गेलं. पण कमरेखाली त्याला संवेदना राहिली नाही.

“तपासणीसाठी ह्यूस्टनहून बाहेरचा माणूस येणार आहे,” कॉलिन्स म्हणाले. “पण त्याला यायला वेळ लागेल, आणि तोवर लाकूड रंग बदलेल. दुसरं कोणी उद्या मोकळं नाही. तू जा. फक्त फोटो काढ, नमुने घे. मत द्यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळल्यावर मी गेले. दार वहिनींनी उघडलं. डॉक्टर हॉस्पिटलला गेले होते. “चहा घेतेस?” असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, आणि त्या किचनमध्ये निघून गेल्या.

मी आधी गॅरेजमध्ये गेले आणि वर बघितलं. गॅरेजच्या त्या बंद पोटमाळ्याला वर जायची खिडकी नव्हती, म्हणून लॉइडला तो खालून बघता आला नव्हता. आता छताला पडलेल्या भोकातून सगळं दिसत होतं. घराचा आणि गॅरेजचा उतार जिथे मिळतात तिथली पन्हळ केव्हातरी गळत असणार. तिच्या बाजूच्या रिपा काळ्या पडल्या होत्या. तुटलेल्या रिपेचं टोक मी बोटांत धरलं तर ते चहात बुडवलेल्या टोस्टासारखं गळून पडलं.

मग कमरेला दोर बांधून वर चढले. लॉइड कुठून कसा चालत गेला ते छपरावर उमटलेलं होतं. तो वजनदार माणूस, त्यामुळे जुन्या वाकलेल्या फळ्यांना त्याच्या पायाखाली बारीक चिरा गेल्या होत्या, ताज्या, दालचिनीच्या रंगाच्या, ठसा नसलेल्या. मी एकेक चीर बघत वर गेले. प्रत्येक पाऊल रिपेच्या रेषेवर होतं. कुठेही घाई नव्हती, कुठेही घसरल्याची खूण नव्हती. भोकाच्या अलीकडे तो थांबला होता. तिथल्या फळीला टोच्याचं बारीक भोक होतं. म्हणजे त्याला काहीतरी वाटलं होतं आणि त्यानं खुपसून बघितलं होतं. फळी घट्ट निघाली. त्यानं पाऊल टाकलं.

फळी घट्ट का निघाली ते मला भोकाच्या कडेची फळी उचलल्यावर कळलं. शेकचा जो भाग उघड्यावर असतो तोच करडा होतो. वरच्या फळीखाली झाकलेला भाग वर्षानुवर्षं मधाच्या रंगाचा राहतो. इथे झाकलेला भागही करडा होता, एकसारखा, टोकापासून टोकापर्यंत. खिळे चकचकीत होते. या नव्या फळ्या होत्या, जुन्यांत मिसळून जाव्यात म्हणून बसवण्याआधी रंगवलेल्या. त्यात तसा गुन्हा नव्हता. त्या वस्तीत ठिगळ लावलेलं छप्पर दिसलं की शेजारी तक्रार करत, त्यामुळे दुरुस्ती करणारे असं करायचे. पण ज्यानं त्या फळ्या ठोकल्या त्याला खालची रीप दिसल्याशिवाय राहिली नसणार. कुजलेल्या रिपेवर त्यानं नवं, घट्ट, करडं लाकूड ठोकलं होतं. वरून बघणाऱ्याला ते छपरातलं सगळ्यात भरवशाचं ठिकाण वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट तिथे होती. त्या संपूर्ण उतारावर गारांनी जुन्या फळ्या फोडल्या होत्या. खऱ्या गारांनी, ठशांसकट. त्याचेही फोटो मी काढले.

लॉइड शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी मी त्याला भेटायला गेले. त्याची बायको मार्था कॉटशेजारी विणकाम घेऊन बसली होती. मी आत गेले तशी तिनं सुया खाली ठेवल्या.

“तू गेली होतीस?” लॉइडनं विचारलं.

“गेले होते.”

“मी कुठे पाय दिला?”

मी मत द्यायचं नव्हतं. पण ते ऑफिसातलं झालं. मी त्याला सांगितलं. रिपेवर, प्रत्येक वेळी. टोच्याचं भोक सापडलं. खालची रीप गेलेली होती आणि वर नवं लाकूड होतं.

“झाकलेला भाग?”

“करडा.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं होतं, आपली चूक नव्हती हे ऐकून त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, “चूक झाली असती तर बरं झालं असतं. निदान कोणाला तरी सांगता आलं असतं, हे करू नका.”

मार्था उठून खिडकीपाशी गेली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

त्याच आठवड्यात वहिनी माझ्याकडे आल्या. दुपारची वेळ, श्रीकांत कामावर. हातात डबा होता, वड्या होत्या त्यात. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर तशीच.

“तू फोटो काढलेस ना,” त्या म्हणाल्या.

“हो वहिनी.”

“फोटोंत काय दिसतं?”

“जे होतं ते.”

त्या डब्याकडे बघत राहिल्या. “गेल्या वर्षी तिथे गळत होतं. डॉक्टरांनी एक माणूस बोलावला, कोणाच्या तरी ओळखीचा. त्यानं वरच्या फळ्या काढल्या आणि खालची एक रीप तोडून आणली. माझ्या किचनच्या ओट्यावर ठेवली, आम्हा दोघांसमोर. बोटानं दाबली तर भुगा झाला गं. तो म्हणाला, ही बाजू सगळी उघडावी लागेल. डॉक्टर म्हणाले, सध्या झाकून टाक, पुढच्या वर्षी बघू. मी ओटा पुसला. बस, एवढंच.” मग त्यांनी वर बघितलं. “हे मी तुला बहिणीसारखं सांगते आहे.”

“वहिनी,” मी म्हटलं, “मला शपथेवर विचारलं तर मी हे सांगेन. म्हणून याच्यापुढे मला काही सांगू नका.”

“आता सांगून झालं,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “त्यांच्या मिसेसचं नाव काय?” मी सांगितलं.

त्या मार्थाच्या घरी गेल्या होत्या, हे मला मार्थाकडून पुष्कळ नंतर कळलं. दारात उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मार्था म्हणाली, “मी तुमच्याशी वाईट वागणार नाही. पण तुम्हाला आत घेऊ शकत नाही.” आणि दार लावलं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी डॉक्टर आले. श्रीकांतनं त्यांना पाणी दिलं आणि तो आमच्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेला. डॉक्टर बसले नाहीत.

“तू आमच्याकडे राहिलीस, ते मी काढणार नाही,” ते म्हणाले.

“काढलंत की, डॉक्टर.”

मग ते हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “हे बघ, तिथे कधी गळलं होतं का असं त्या तपासनिसानं मला विचारलं का, मला आठवत नाही. फार तर विचारलं असेल. पण मी सांगितलं असतं तर इन्शुरन्सवाले काय म्हणाले असते? तुमचं छप्पर आधीच कुजलेलं, क्लेम रिजेक्ट. यू नो हाऊ दे आर. तुझंच तर काम आहे ते. मुलगा कॉलेजला जातोय, नवीन क्लिनिक... मी काय कोणाला मारायला निघालो होतो का?”

“डॉक्टर, त्या उतारावर गारांनी इतक्या फळ्या फुटल्या आहेत की तो अख्खा उतार बदलून मिळाला असता. खाली रीप कुजलेली असती तरीही. लॉइडनं तेच लिहिलं असतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “तू हे आत्ता मला बरं वाटू नये म्हणून सांगते आहेस.”

“नाही. फोटो आहेत.”

मग ते बसले. हातातली कारची किल्ली त्यांनी टीपॉयवर ठेवली, पुन्हा उचलली. आतून आमच्या मुलीचा आवाज आला, ती इंग्लिशमध्ये श्रीकांतला काहीतरी विचारत होती. डॉक्टर उठले आणि गेले. वहिनींचा तो डबा परत द्यायचा राहिला आहे हे मला ते गेल्यावर आठवलं, पण मग तो कधीच दिला गेला नाही.

लॉइडच्या बाजूनं घैसासांवर दावा दाखल झाला. तिथे खटला उभा राहण्याआधी वकिलांच्या ऑफिसात साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारतात, त्याला डिपॉझिशन म्हणतात. एक लांब टेबल, दोन्हीकडचे वकील, आणि एक बाई शब्दन्‌शब्द टाइप करत असते. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे डॉक्टर आणि वहिनी दोघंही समोर बसले होते. डॉक्टरांची साक्ष आधी होऊन गेली होती. खाली कुजलेलं होतं हे माहीत नव्हतं आणि तपासनिसानं काही विचारल्याचं आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

त्यांच्या वकिलानं मला विचारलं, “तुम्ही त्याच जागी पाय दिला असता तर पडला असता का?”

“कदाचित नसते पडले.”

“म्हणजे अपघाताचं कारण त्यांचं वजन.”

“छपरावर माणसं चढतात,” मी म्हटलं. “दुरुस्तीला चढतात, आगीचा बंब आला तर चढतात. जे फक्त मला पेलतं, त्याला मी छप्पर म्हणणार नाही.”

मग लॉइडच्या वकिलाची पाळी आली. रंगवलेल्या फळ्या, खिळे, रीप, सगळं त्यानं नीट विचारलं. शेवटी म्हणाला, “या घरातल्या कोणी तुम्हाला या दुरुस्तीबद्दल काही सांगितलं आहे का?”

डॉक्टरांच्या वकिलानं लगेच हरकत घेतली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून मराठीत आवाज आला.

“सुनंदा, तू थांब.”

वहिनी बोलत होत्या. टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. वहिनी इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “तिला विचारू नका. मी तिथे होते. तो तुकडा माझ्या किचनमध्ये होता.”

त्यांच्या वकिलानं त्यांच्या दंडावर हात ठेवला, ही त्यांची वेळ नाही असं सांगितलं. वहिनींनी तो हात बाजूला केला आणि सगळं सांगितलं. अगदी ओटा पुसल्यापर्यंत. इंग्लिश त्यांचं साधं होतं, पण एकही वाक्य त्यांनी अर्धं सोडलं नाही. डॉक्टर मान खाली घालून टेबलाकडे बघत होते. ते रागावल्यासारखे दिसत नव्हते. थकल्यासारखे दिसत होते.

नंतर वहिनींची रीतसर साक्ष झाली आणि दावा कोर्टात न जाताच मिटला. लॉइडच्या औषधपाण्याची सोय झाली. मंडळात दोन तट पडले. काही म्हणाले, निर्मलाताईंनी नवऱ्याला बुडवलं. काही म्हणाले, छपरवाल्या सुनंदानं त्यांना फितवलं. पुढच्या गणपतीला कुठल्याच घरून आम्हाला बोलावणं आलं नाही. श्रीकांतनं घरी मूर्ती आणली, आम्ही तिघांनी आरती केली. डॉक्टरांनी वर्षभरात शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरी घेतली आणि ते कुटुंब निघून गेलं. जाण्याआधी वहिनींना भेटायला मी गेले होते. पॅकिंगचे खोके पडले होते. त्या म्हणाल्या, “ते माझ्याशी नीट बोलतात. सगळं विचारतात, सगळं सांगतात. पण जेवताना समोर बघत नाहीत.” पुन्हा आमची भेट झाली नाही.

मी काम चालू ठेवलं. पोटमाळा खालून बघायला मिळाला नाही तर मी उतारावर पाय ठेवायचे नाही, मग घरमालक कितीही चिडू दे. कॉलिन्सनी तोच ऑफिसचा नियम केला. हळूहळू आगीच्या भीतीनं गावोगावी लाकडी छपरांवर बंधनं आली आणि दशक संपेपर्यंत आमच्या भागातली पुष्कळशी सीडरची छपरं उतरली. तो वास मला अजून आवडतो, हे सांगायला संकोच वाटतो.

लॉइड व्हीलचेअरवर काही वर्षं जगला. मी महिन्यातून एकदा जायचे, नमुन्याच्या फळ्या घेऊन. तो त्या हातात फिरवून गारेची, वयाची, पायाची असं सांगायचा. मग त्यात त्याचं मन लागेना. मूत्रपिंडाचा आजार बळावला आणि एका हिवाळ्यात तो गेला.

दफनाच्या दिवशी हवा कोरडी आणि थंड होती. मोजकी माणसं होती. सगळं आटोपल्यावर मला रस्त्याच्या कडेला, गाड्यांपाशी, जाड कोट घातलेला एक माणूस दिसला. डॉक्टर घैसास. केस पार पांढरे झाले होते. नेपरव्हिलहून सकाळच्या विमानानं एकटेच आले होते. मी त्यांच्याजवळ गेले. ते मला म्हणाले, “मी जातो. मला फक्त यायचं होतं.”

पण मार्थानं त्यांना पाहिलं होतं. ती हळूहळू गवतावरून चालत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला ते कोण हे सांगावं लागलं नाही.

“त्यानं तुम्हाला विचारलं होतं का?” ती म्हणाली. “तिथे कधी गळलं होतं का, म्हणून?”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. शपथेवर जे आठवत नाही म्हणाले होते, ते त्यांना आठवत होतं.

“हो,” ते म्हणाले. “दोनदा विचारलं. खाली उभं असताना एकदा. मग शिडीवर चढल्यावर, वळून.”

मार्थानं मान हलवली. “लॉइड नेहमी दोनदा विचारायचा,” ती म्हणाली, आणि आपल्या माणसांकडे परत गेली.

डॉक्टरांना विमानतळावर मीच सोडलं. उतरताना त्यांनी फक्त माझ्या मुलीचं नाव विचारलं. त्यांना ते आठवत नव्हतं.